क्योटोला जाताना: शहरात कसे फिरावे, कसे वागावे

इ.स. ७९४ मध्ये जपानची राजधानी क्योटोला आली आणि १८६९ मध्ये सम्राट टोकियोला जाईपर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, ती तेथेच राहिली. १९९४ मध्ये क्योटो, उजी आणि ओत्सु या तीन गावांतील मिळून १७ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेव्हापासून या शहराची ओळख जगभर देवळांचे आणि बागांचे शहर अशी झाली आहे. पण हे सुमारे चौदा लाख लोकांचे राहते शहर आहे आणि देवळांकडे जाणारे बहुतेक रस्ते त्यांच्या घरांच्या दारांवरून जातात. बहुतेक पाहुणे त्याच पाच-सहा ठिकाणी, त्याच वेळी, त्याच बसने जातात. त्यामुळे पाहुण्यांना रांगांशिवाय काही दिसत नाही आणि रहिवाशांना दवाखान्यात जायलाही बस मिळत नाही. आपले जाणे अशा रीतीने आखता येते की आपल्याला शहर नीट पाहता येईल आणि तेथील लोकांनाही त्रास होणार नाही. या लेखातील सर्व सूचना त्याच दृष्टीने दिल्या आहेत.

निघण्यापूर्वी

पहिला निर्णय ऋतूचा. चेरीचा बहर साधारणपणे मार्चअखेरीस आणि एप्रिलच्या सुरुवातीला येतो, तर मेपलची पाने नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लाल होतात. या दोन्ही काळांत शहर अतिशय सुंदर असते, पण गर्दी आणि खोल्यांचे भाडे दोन्ही कळसाला पोहोचलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये तिन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे हवा कोंडते आणि कोकणातल्या मे महिन्याची आठवण व्हावी इतका दमटपणा असतो. तरीही १७ आणि २४ जुलैला निघणाऱ्या गिओन उत्सवाच्या मिरवणुका आणि १६ ऑगस्टच्या रात्री पूर्वजांना निरोप देण्यासाठी डोंगरउतारांवर पेटवले जाणारे अग्नी पाहण्यासाठी हा उकाडा सोसणे योग्य ठरते. गिओन उत्सवाची परंपरा ८६९ मध्ये साथीचे रोग शमावेत म्हणून झालेल्या विधीपर्यंत जाते आणि त्यातील रथांवर भारतीय बनावटीची जुनी वस्त्रेही टांगलेली असतात. माझ्या मते प्रथमच जाणाऱ्या मराठी कुटुंबाने मे महिन्याचा दुसरा पंधरवडा निवडावा, कारण तेव्हा मुलांच्या शाळांना सुट्टी असते, हवा प्रसन्न असते आणि पावसाळा अजून सुरू झालेला नसतो.

दुसरी गोष्ट निवासाची. क्योटोत राहण्यावर माणशी, प्रतिरात्र कर द्यावा लागतो आणि १ मार्च २०२६ पासून त्याचे दर वाढले आहेत. माणशी ६,००० येनपेक्षा कमी भाड्यावर २०० येन, ६,००० ते २०,००० येनच्या आत ४०० येन, २०,००० ते ५०,००० च्या आत १,००० येन, १,००,००० च्या आत ४,००० येन आणि त्यापुढे १०,००० येन असा तो आहे. आगाऊ आरक्षणात हा कर बहुधा धरलेला नसतो आणि तो हॉटेलात पोहोचल्यावर द्यावा लागतो, म्हणून चार माणसांच्या कुटुंबाने तो हिशेबात आधीच धरावा. राहण्याची जागा प्रसिद्ध देवळाजवळ असण्यापेक्षा मेट्रोच्या स्थानकाजवळ असणे अधिक सोयीचे पडते. कारासुमा-ओइके येथे मेट्रोचे दोन्ही मार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे त्याच्या आसपास राहणाऱ्याला बसची गरज फारशी पडत नाही.

काही ठिकाणी आयत्या वेळी प्रवेश मिळेलच असे नाही. शेवाळाच्या बागेसाठी प्रसिद्ध असलेले साइहोजी मंदिर आणि राजघराण्याचा कात्सुरा प्रासाद यांसाठी आधीच नोंदणी करावी लागते. उलट शहराच्या मध्यभागी असलेला जुना राजवाडा विनामूल्य आणि विनानोंदणी पाहता येतो, पण तो एरवी सोमवारी बंद असतो.

औषधे नेताना विशेष काळजी घ्यावी. आपल्याकडे सर्दी-खोकल्यासाठी सहज मिळणाऱ्या काही औषधांतील स्यूडोएफेड्रिन आणि कोडीन या घटकांवर जपानमध्ये कडक निर्बंध आहेत, म्हणून प्रत्येक औषधाचे घटक डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत आणि चिठ्ठी सोबत ठेवावी. मांस किंवा मांसाचे पदार्थ तसेच ताजी फळे, भाज्या व कढीपत्ता सामानात नेऊ नयेत. चिवडा, चकली, दशम्या, मेतकूट यांसारखा कोरडा शाकाहारी फराळ चालतो. विजेचा दाब १०० व्होल्ट असून तेथील खाचेत दोन चपट्या पट्ट्यांची पिन बसते, त्यामुळे त्या आकाराचा जोड न्यावा लागतो. फोनचे चार्जर बहुधा चालतात, पण केस वाळवण्याचे यंत्र नेण्यात अर्थ नाही.

पोहोचणे आणि सामान

क्योटोला स्वतःचा विमानतळ नाही. कान्साई विमानतळावरून हारुका ही जलद गाडी साधारण ८० मिनिटांत क्योटो स्थानकात आणते. टोकियोहून शिन्कान्सेन म्हणजे बुलेट ट्रेनच्या नोझोमी गाडीने सुमारे सव्वादोन तास लागतात. या प्रवासात उजव्या बाजूच्या खिडकीची जागा मागून घ्यावी, म्हणजे आकाश निरभ्र असल्यास फुजी पर्वत दिसतो. ज्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा अधिक भरते, तिच्यासाठी त्या गाडीत सामानाच्या जागेसह आसन आरक्षित करावे लागते. आरक्षण नसेल तर १,००० येन शुल्क पडते. आपल्याकडून नेल्या जाणाऱ्या सर्वांत मोठ्या आकाराच्या बॅगा ही मर्यादा ओलांडू शकतात, म्हणून घरीच टेप लावून मोजून पाहावे.

मोठ्या बॅगा घेऊन शहर बसमध्ये चढणे हा क्योटोतील रहिवाशांच्या नाराजीचा एक मोठा विषय आहे. त्याऐवजी स्थानकातील नाण्यांच्या लॉकरमध्ये सामान ठेवावे किंवा ‘ताक्क्यूबिन’ या सेवेने ते पुढच्या हॉटेलात पाठवावे. जवळच्या शहरांत हे सामान बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते आणि हॉटेलचे कर्मचारी फॉर्म भरण्यास मदत करतात. वृद्ध आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी तर हा खर्च अवश्य करावा.

रस्ते, मेट्रो आणि बस

जुने क्योटो आखीव चौकटीत वसलेले आहे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मुख्य रस्त्यांना उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमांकांची नावे आहेत, त्यामुळे सांजो म्हणजे तिसरा, शिजो म्हणजे चौथा आणि गोजो म्हणजे पाचवा रस्ता एवढे लक्षात ठेवले तरी दिशा चुकत नाही. पत्त्यात जवळच्या चौकाचे नाव देऊन पुढे ‘आगारु’ लिहिले असेल तर चौकातून उत्तरेकडे आणि ‘सागारु’ असेल तर दक्षिणेकडे जावे. पूर्वेला हिगाशियामाचे डोंगर सतत दिसत असतात आणि कामो नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. या दोन खुणा नकाशापेक्षा लवकर उपयोगी पडतात.

उतरल्याबरोबर प्रत्येकासाठी ‘इकोका’ हे पैसे भरता येणारे कार्ड घ्यावे. मेट्रो, बस, खासगी रेल्वे आणि छोटी दुकाने या सर्व ठिकाणी ते चालते. बसमध्ये मागच्या दाराने चढून पुढच्या दाराने उतरायचे आणि भाडे उतरताना द्यायचे, ही पद्धत शहराच्या मुख्य भागातील बससाठी आहे. तेथे अंतर कितीही असो, प्रौढाला २३० येन लागतात. रोख देणाऱ्याने बस थांबलेली असताना यंत्रातून नाणी सुटी करून घ्यावीत, कारण भाड्यासाठी टाकलेल्या जास्तीच्या पैशांची मोड परत मिळत नाही. फक्त बससाठी असलेला जुना दैनिक पास आता बंद झाला असून मेट्रो आणि बस मिळून १,१०० येनचा पास आहे. दिवसाला पाच किंवा अधिक वेळा चढ-उतार होणार असेल तरच तो परवडतो.

खरा उपाय मात्र बसवरचे अवलंबित्व कमी करण्याचा आहे. फुशिमी इनारी देवस्थानाला जाण्यासाठी क्योटो स्थानकातून नारा मार्गावरील गाडीने इनारी स्थानक पाच मिनिटांत येते. आराशियामासाठी सागानो मार्गाने सागा-आराशियामा येथे उतरावे. निजो किल्ल्यासाठी मेट्रोचे निजोजो-माए आणि नान्झेनजी मंदिरासाठी केआगे ही स्थानके सोयीची आहेत. सुवर्णमंदिर म्हणून प्रसिद्ध असलेल्या किंकाकुजीजवळ रेल्वे नाही, पण क्योटो स्थानकापासूनच बसमध्ये उभे राहण्याऐवजी मेट्रोने किताओजीपर्यंत जाऊन तेथून पुढची बस घेतली तर बराच त्रास वाचतो. कियोमिझुदेरा मंदिराला केइहान रेल्वेच्या कियोमिझु-गोजो स्थानकातून पायी चढून जाता येते. चढ थोडा खडा आहे, पण निरोगी माणसाला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी क्योटो स्थानकातून पर्यटकांसाठी वेगळी जलद बस सुटते. तिचे भाडे ५०० येन असून वरील पास तिच्यातही चालतो.

गाडीत आणि बसमध्ये फोन मूक ठेवावा आणि फोनवर बोलू नये. पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी. आपण कुटुंबात ज्या आवाजात सहज बोलतो तो तेथे मोठा वाटतो. कोणी तसे बोलून दाखवणार नाही, म्हणूनच आपण होऊन जपायला हवे.

दिवसाची आखणी

एका दिवसात पूर्व आणि पश्चिम दोन्ही टोके गाठण्याचा मोह टाळावा. एक दिवस पूर्वेकडील हिगाशियामाला, एक आराशियामाला, एक दक्षिणेकडील फुशिमी आणि तोजीला, असे भाग पाडावेत. सर्वांत गर्दीचे ठिकाण नेहमी सकाळी सर्वांत आधी करावे. फुशिमी इनारीचे देवस्थान चोवीस तास विनामूल्य खुले असते आणि कियोमिझुदेराची दारे सकाळी सहाला उघडतात. बहुतेक पाहुणे नऊनंतर बाहेर पडतात, म्हणून साडेसहाला पोहोचणाऱ्याला तेच ठिकाण पूर्णपणे वेगळे दिसते. इनारी डोंगराची उंची २३३ मीटर आहे. हजारो नारिंगी कमानींतून वरपर्यंत जाऊन परतायला दोन ते तीन तास लागतात, पण अर्ध्या वाटेवरच्या चौकातूनही शहर चांगले दिसते आणि गुडघे दुखणाऱ्यांनी तेथूनच परतण्यात काहीही कमी पडत नाही.

आराशियामाच्या बांबूवनात सकाळी लवकर जावे आणि वाट सोडून आत शिरू नये. २०२५ मध्ये तेथे शेकडो बांबूंवर नावे कोरलेली आढळली. बांबूवरचा ओरखडा भरून येत नाही आणि असे बांबू कधी कधी तोडून टाकावे लागतात.

देवस्थानांतील शिष्टाचार

क्योटोतील पूजास्थाने दोन प्रकारची आहेत. कमानीसारखे ‘तोरिई’ प्रवेशद्वार असेल तर ते शिंतो या जपानच्या मूळ धर्माचे देवस्थान होय. बौद्ध मंदिराला बहुधा छपराचे मोठे लाकडी महाद्वार असते. दोन्हीकडील रीती वेगळ्या आहेत. शिंतो देवस्थानात कमानीपाशी किंचित वाकून वंदन करावे आणि वाटेच्या मधोमध न चालता कडेने जावे, कारण मधली वाट देवाची मानतात. आत पाण्याची जागा असते. पळी उजव्या हातात घेऊन प्रथम डावा हात धुवावा, मग पळी डाव्या हातात घेऊन उजवा धुवावा, पुन्हा पळी उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत पाणी घ्यावे आणि चूळ भरून ते बाजूला सोडावे. पळीला तोंड लावू नये. शेवटी डावा हात पुन्हा धुऊन पळी उभी धरावी, म्हणजे उरलेले पाणी दांड्यावरून ओघळून तो स्वच्छ होतो. देवासमोर पेटीत नाणे टाकून दोनदा वाकावे, दोनदा टाळी वाजवावी, हात जोडून प्रार्थना करावी आणि पुन्हा एकदा वाकावे. नाणे ५ येनचे असणे शुभ मानतात. बौद्ध मंदिरात मात्र टाळी वाजवत नाहीत, फक्त हात जोडून मान लववतात.

मंदिराच्या आत जाताना पादत्राणे काढावी लागतात आणि हे दिवसातून आठ-दहा वेळा घडते. म्हणून नाडी बांधण्याचे बूट नेऊ नयेत आणि मोजे धड असावेत. अनेक गाभाऱ्यांत छायाचित्रण पूर्णपणे निषिद्ध असते. तेथे फोन खिशातून काढूच नये.

भारतीय प्रवाशाने दोन मंदिरे यादीत सर्वांत वर ठेवावीत असे मला मनापासून वाटते, कारण ती किंकाकुजीइतकी गाजलेली नसली तरी आपल्याशी त्यांचे नाते फार जुने आहे. सांजुसांगेन्दोच्या सुमारे १२० मीटर लांबीच्या लाकडी दालनात सहस्रभुज अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाच्या १,००१ मूर्ती ओळीने उभ्या आहेत. आजची वास्तू १२६६ मध्ये पुन्हा बांधलेली आहे. मूर्तींच्या पुढच्या ओळीत २८ रक्षकदेवता असून त्यांत ब्रह्मा, इंद्र, गरुड आणि किन्नर आहेत. आपल्या पुराणांतील ही मंडळी जपानी शिल्पकारांच्या हातून कशी घडली हे निवांतपणे पाहावे. तोजी मंदिराच्या व्याख्यानगृहात ब्रह्मदेव हंसांवर आणि इंद्र हत्तीवर बसलेला आहे. याच आवारातला सुमारे ५५ मीटर उंचीचा पाचमजली लाकडी मनोरा जपानमध्ये सर्वांत उंच आहे. दर महिन्याच्या २१ तारखेला येथे मोठा जुना बाजार भरतो. जुने किमोनो आणि भांडी घ्यायची असतील तर तोच दिवस साधावा.

गिओनमध्ये

गिओन ही वस्ती गेइको (क्योटोतील गेइशा) आणि माइको (शिकाऊ गेइको) यांच्या कलेसाठी ओळखली जाते. वर्षानुवर्षे नृत्य, गायन आणि चहाविधी शिकून त्या ही कला आत्मसात करतात आणि संध्याकाळी रस्त्यावर दिसतात तेव्हा त्या आपल्या कामावर निघालेल्या असतात. त्यांची वाट अडवणे, मागे धावणे, किमोनोला हात लावणे किंवा न विचारता जवळून छायाचित्र काढणे हे असभ्य समजले जाते आणि अशा प्रकारांना कंटाळून २०२४ मध्ये स्थानिक मंडळींनी खासगी गल्ल्यांत पर्यटकांना प्रवेशबंदी केली. तेथे लावलेल्या फलकांवर १०,००० येन दंडाची सूचना आहे. हानामिकोजी हा मुख्य रस्ता सार्वजनिक आहे आणि तेथून चालण्यास हरकत नाही. कला पाहण्याची खरी इच्छा असेल तर एप्रिलमधील ‘मियाको ओदोरी’ या नृत्यप्रयोगाचे तिकीट काढावे. त्यात तासभर समोर बसून जे दिसते ते रस्त्यावर ताटकळून कधीच दिसणार नाही.

शाकाहारी माणसाचे जेवण

मराठी प्रवाशांना सर्वाधिक अडचण येथे येते आणि ती मांसामुळे नव्हे, तर ‘दाशी’ नावाच्या रश्शामुळे येते. वाळवलेल्या बोनितो माशाच्या कापांपासून आणि समुद्रवनस्पतीपासून काढलेला हा रस्सा मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, नूडल आणि बुडवण्याच्या सोयासॉसमध्येही असतो. भाजीच्या वाटीत मासा दिसत नाही, म्हणून वाढणारा तिला भाजीच समजतो. त्यामुळे ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून भागत नाही. मांस, मासे, कोळंबी, माशाची दाशी आणि प्राण्यांची चरबी चालत नाही, आणि अंडे चालते की नाही, असे स्पष्ट वाक्य जपानीत लिहून किंवा फोनवर तयार ठेवून ऑर्डर देण्यापूर्वी दाखवावे. रामेन नूडलचा रस्सा बहुतेक ठिकाणी डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा असतो, आणि तयार जपानी करीच्या मसाल्यातही पुष्कळदा प्राण्यांची चरबी असते.

सुदैवाने क्योटोत बौद्ध मठांची ‘शोजिन र्योरी’ ही शाकाहारी पाककला आजही जिवंत आहे. आराशियामातील तेनर्यूजी मंदिराच्या आवारातच असे जेवण मिळते, मात्र जागा आधी राखून ठेवावी. टोफू (सोयाबीनचे पनीर), तीळ, रानभाज्या आणि ‘युबा’ म्हणजे सोयाबीनच्या दुधावरची साय, यांचे लहान लहान पदार्थ ओळीने मांडलेले असतात. परंपरेने या जेवणात कांदा-लसूण वर्ज्य असतो, पण मुळा आणि कमळकाकडीसारखी कंदमुळे भरपूर असतात, हे जैन प्रवाशांनी लक्षात घ्यावे. नान्झेनजीच्या परिसरात ‘युदोफू’ म्हणजे गरम पाण्यातला टोफू मिळतो. तो शाकाहारी असला तरी सोबतच्या सॉसमध्ये माशाची दाशी असू शकते, म्हणून साधा सोयासॉस मागावा.

भूक अवेळी लागली तर कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांतून ‘ओनिगिरी’ म्हणजे सारण भरलेली भाताची मूद घ्यावी. उमेबोशी म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची किंवा कोन्बु समुद्रवनस्पतीची निवडावी आणि वेष्टनावरील घटक भाषांतराच्या ॲपने तपासावेत. गोड खाणाऱ्यांसाठी तांदळाच्या पिठाची, आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचे गोड सारण असलेली ‘नामा यात्सुहाशी’ ही क्योटोची खास मिठाई आहे. तिची पारी आपल्या मोदकाच्या उकडीसारखी मऊ लागते आणि तिला दालचिनीचा वास असतो.

निशिकी बाजारात वस्तू विकत घेतल्यावर ती त्याच दुकानासमोर उभे राहून खावी, चालता चालता खाऊ नये. गल्ली अरुंद आहे आणि दुसऱ्यांच्या कपड्यांना डाग लागतात. जेवताना काड्या भातात उभ्या खोचू नयेत आणि एका काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास देऊ नये. हे दोन्ही प्रकार अंत्यविधीशी जोडलेले आहेत. बक्षिसी देऊ नये. आपण उपकार म्हणून ठेवलेले पैसे परत द्यायला वाढणारा रस्त्यापर्यंत धावत येतो. उठताना ‘गोचिसोसामा देश्ता’ म्हणजे ‘जेवणाबद्दल आभार’ असे म्हटले की तो खरोखर सुखावतो.

पारंपरिक निवासात

‘र्योकान’मध्ये एक रात्र राहणार असाल तर संध्याकाळी जेवणाची ठरलेली वेळ पाळावी, कारण प्रत्येक पदार्थ त्या क्षणासाठी बनवलेला असतो. आहाराचे नियम आरक्षणाच्या वेळीच कळवावेत, कारण आयत्या वेळी बदल करणे त्यांना शक्य होत नाही. दारात बूट काढून सपाता घालाव्यात, ‘तातामी’ चटईच्या खोलीत सपाताही काढाव्यात आणि शौचालयातल्या वेगळ्या सपाता तेथेच ठेवून बाहेर यावे. ‘युकाता’ हा सुती हलका किमोनो घालताना डावी बाजू उजवीवर यावी. उलट पद्धत मृतदेहासाठी असते.

सार्वजनिक स्नानगृहात स्त्रिया आणि पुरुष यांची व्यवस्था वेगळी असते आणि कपडे पूर्ण काढून जावे लागते. आपल्याला याचा संकोच वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून ज्यांना नको असेल त्यांनी खोलीतच स्नानगृह असलेली जागा निवडावी. जाणाऱ्याने आधी लहान चौरंगावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवावे आणि मगच कढत पाण्याच्या हौदात उतरावे. पंचा पाण्यात बुडवू नये.

पैसे, कचरा आणि अडचण

लहान देवळे आणि जुनी उपाहारगृहे यांत अजूनही रोख लागते. सेव्हन-इलेव्हन दुकानांतील एटीएममधून परदेशी कार्डावर येन मिळतात. पैसे हातात न देता गल्ल्याजवळच्या लहान तबकात ठेवावेत. रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नसतात, म्हणून एक पिशवी सोबत ठेवून कचरा हॉटेलात परत आणावा. धूम्रपानास मनाई असलेल्या रस्त्यांवर धूम्रपान केल्यास १,००० येन दंड होतो.

पारपत्र सतत जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका व अग्निशमनासाठी ११९ हे क्रमांक आहेत. वस्तू हरवल्यास चौकाचौकांतल्या ‘कोबान’ या लहान पोलीस चौकीत जावे, तर बसमध्ये किंवा रेल्वेत राहिल्यास त्या मार्गाच्या स्थानकात चौकशी करावी. दोन्ही ठिकाणी मार्ग, वेळ आणि वस्तूचा रंग कागदावर लिहून दाखवला तर शोध लवकर सुरू होतो.